भिंगरीचं पातं

गेल्या उन्हाळ्यात लातूरच्या गावभागातल्या एका घरात पंखा लागलाच नाही. घर अजहरचं. त्याचं दुकान इन्व्हर्टर आणि बॅटऱ्यांचं. लाइट गेल्यावर अर्ध्या पेठेतले पंखे ज्याच्या जिवावर फिरायचे, त्याच्याच घरात छताला नुसते हूक लोंबत होते. भर मे महिन्यात त्याची बायको कहकशां मानेवर ओलं फडकं टाकून स्वयंपाक करायची आणि दोघं गच्चीवर झोपायला जायची. शेजारणींना वाटलं, कसली तरी मन्नत असेल. अजहरने कुणाला काही सांगितलं नाही.

चालता पंखा कहकशांला काही करत नव्हता. पण लाइट गेली, पंखा मंद होत चालला, पाती एकेक करून नजरेला दिसायला लागली, की तिच्या हातातलं काम हातातच राहायचं. मान वर करून ती बघत बसायची आणि तिचे ओठ हलायचे. ती आकडे म्हणायची, उतरते. पंखा थांबला की भिंत धरून खाली बसायची. एकदा चुलीवरचं सालन करपून घरभर धूर झाला, तरी ती तशीच वर बघत होती. त्याच दिवशी अजहरने स्टूल घेतलं आणि घरातले सगळे पंखे उतरवले.

कहकशां जिलानी मिस्त्रींची थोरली लेक. जिलानींचा एमआयडीसीत फायबरचा कारखाना, म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. कूलरच्या बॉडी, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या असला माल तिथून निघायचा. कहकशां फायबर घट्ट करणाऱ्या राळेच्या उग्र वासातच मोठी झाली. तंत्रनिकेतनात पदविका केली, लग्न झालं, पण शेड काही सुटली नाही. फायबरचं कापड साच्यात बसवावं तर तिनेच. एक सुरकुती दिसायची नाही की हवेचा एक बुडबुडा राहायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी शेजारची रिकामी शेड सोमेशने भाड्याने घेतली. हा मूळचा हिमायतनगरचा. विमानशास्त्र शिकला, बेंगळुरूला चांगल्या नोकरीवर होता, ती सोडून इकडे आला. लोकांनी कारण विचारलं की म्हणायचा, आमच्या भागात आजारी माणूस नांदेडला पोचेपर्यंत काय होतं ते मी लहानपणापासून बघितलंय. त्याला असं विमान करायचं होतं की जे हेलिकॉप्टरसारखं जागेवरून उठेल, शाळेच्या मैदानावर उतरेल, आणि एकदा वर गेलं की साध्या विमानासारखं पंखांवर तरंगत, कमी इंधनात, वेगाने जाईल. डोक्यावर मोठा रोटर, दोन पात्यांचा. उठताना तो गरगर फिरणार आणि यंत्राला जमिनीवरून उचलणार. पुढे वेग आला की वजन पंखांनी पेलायचं आणि वरचा रोटर मुद्दाम मंद करायचा. कारण जोरात फिरणारं पातं वेगात जाणाऱ्या विमानाला मागे ओढतं.

जिलानींनी हे ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, मंद केल्यावर ते पातं ताठ राहील का? सोमेश म्हणाला, चाचा, सगळं दुखणं तिथंच आहे. गोफण फिरती असते तोवर दोरी ताणलेली राहते, हात मंदावला की ती लोंबायला लागते. पात्याचंही तसंच. म्हणून त्याच्या टोकात जड लोखंड घालायचं, म्हणजे थोड्या फेऱ्यांतही ते ताणलेलं राहील. असं पातं करून देणारा माणूस मला पाहिजे.

ती पाती कहकशांने केली. पहिल्या चार जोड्या मोडल्या, पाचवी चाचणीत टिकली. यंत्राचं नावही तिनेच ठेवलं, भिंगरी.

भिंगरी उडवायला आले ते उदगीरचे वैजनाथअण्णा. सैन्यात हेलिकॉप्टर चालवून निवृत्त झालेले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि तोंडात सदा खाण्याचा विषय. पहिल्या दिवशी त्यांनी सगळं यंत्र हाताने चाचपलं, पात्यावरून तळवा फिरवला आणि कहकशांकडे वळून विचारलं, "हे तू केलंस?" ती हो म्हणाली. "मग बसतो," एवढंच ते बोलले.

उड्डाणं व्हायची ती देगलूरच्या बाजूला, बंद पडलेल्या एका साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर. परवानग्यांसाठी सोमेशचे दोन हिवाळे गेले होते. उड्डाणाच्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली टेबल मांडायचं. सोमेशच्या पडद्यावर विमानाचा वेग आणि पंखांवरचा भार, कहकशांच्या पडद्यावर रोटरच्या दर मिनिटाच्या फेऱ्या. अण्णांची नजर बाहेर राहावी म्हणून फेऱ्यांचा आकडा कानात सांगायचं काम तिच्याकडे. आधी ते सोमेश करायचा, पण अण्णांनीच ते बदलून घेतलं. म्हणाले, "ह्याचा आवाज ऐकला की मलाच भ्या वाटतंय. पोरी, तू बोल. तू बोललीस की अडतीवर सोयाबीनचा भाव सांगायलेत असं वाटतंय."

जागेवरून उठणं जमलं. भिंगरी उडी मारल्यासारखी वर जायची. मग पंखांवर तरंगणंही जमलं. राहिलं ते मंद करणं. दर उड्डाणाला अण्णा रोटर थोडा जास्त मंद करायचे आणि उतरून आल्यावर सांगायचे, अजून ताठ आहे, अजून जागा आहे.

फेब्रुवारी संपत आला होता. भोवतालच्या रानात हरभऱ्याची काढणी चाललेली. सकाळचं उड्डाण होतं. भिंगरी उठली, कारखान्याच्या धुराड्याला वळसा घालून सरळ झाली. कहकशां आकडे सांगू लागली. दोनशे. एकशे ऐंशी. एकशे साठ. झाडाखालूनही पाती वेगळी दिसू लागली, एक गेलं, दुसरं आलं. एकशे वीस. एकशे दहा. कानात अण्णांचा श्वास ऐकू येत होता, संथ. ती शंभर म्हणाली आणि तिच्या कानात एक शब्द आला. घाई नव्हती त्यात, ओरडणंही नव्हतं. "चाकू."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. पुन्हा विचारायला तिने तोंड उघडलं तेवढ्यात नांगरलेल्या रानातून एक वावटळ उठली, तांबडी, धुळीचा खांब. एक पातं खाली झुकलं आणि शेपटीला लागलं. आवाज नंतर आला. भिंगरी तिरपी होऊन हरभऱ्यात गेली.

अण्णा जागेवरच गेले.

चौकशी करणारे अधिकारी आले, तुकडे गोळा करून नेले, महिनाभर विचारपूस केली. पात्यात दोष निघाला नाही. वाऱ्याचा झोत आला तेव्हा रोटर फार मंद होता, असं लिहून ते गेले. कहकशांने तो शब्द त्यांना सांगितला होता. कॉकपिटमध्ये चाकू होता का, असं त्यांनी विचारलं. नव्हता. तो विषय तिथंच संपला.

तिच्यापुरता तो संपला नाही. त्याचा अर्थ तिने मनाशी लावला होता. अण्णांनी पातं खाली येताना पाहिलं असणार. ज्या पात्याची धार तिने स्वतः बारीक पॉलिश पेपरने घासली होती, ते त्यांना सुऱ्यासारखं अंगावर येताना दिसलं असणार. पण अंगावर येणारा सुरा बघून कुणी इतक्या शांतपणे बोलतं का?  कांदा चिरायला घेतला की कानात तोच आवाज, तसाच निवांत. ती सुरी खाली ठेवायची. पुढे पुढे अजहरच भाजी चिरून दुकानात जाऊ लागला.

अण्णांच्या, लिंगायत रीतीने झालेल्या दफनाच्या वेळी सोमेश आणि ती उदगीरला गेले होते. अण्णांच्या बायकोने, मल्लम्माक्कांनी, तेव्हा काही विचारलं नाही. शेवटी रेडिओवर काहीच ऐकू आलं नाही, असं सोमेशने घरच्यांना सांगून टाकलं होतं. एवढ्या दुःखात त्यांना असला शब्द कशाला द्यायचा, असं त्याला वाटलं, आणि कहकशां गप्प राहिली. मग सोमेशने शेडला कुलूप लावलं आणि हिमायतनगरला निघून गेला. जिलानी म्हणाले, बेटी, टाक्या कर, कूलर कर, माणसं मरत नाहीत त्यानं. ती टाक्या करू लागली. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

डिसेंबरात अजहर बॅटरी बसवायला उदगीरला गेला आणि संध्याकाळी परत आला. जेवताना त्याने सांगितलं, ज्यांच्याकडून बॅटरीसाठी फोन आला ते घर वैजनाथअण्णांचं निघालं. मल्लम्माक्कांकडे आधीच दोन बॅटऱ्या होत्या, त्यांना तिसरी हवी होती. एकटं माणूस, एवढं काय चालवता, असं त्याने विचारलं. त्यांनी बोट वर केलं. त्या थंडीत घरातले सगळे पंखे फिरत होते आणि मल्लम्माक्का अंगावर घोंगडी घेऊन खाली बसल्या होत्या. दहा महिने झाले, घरातला एकही पंखा त्यांनी थांबू दिला नव्हता.

कहकशांने घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती एसटीने उदगीरला गेली.

मल्लम्माक्कांनी तिला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं. दोघी पंख्याखाली बसल्या. वारा इतका गार होता की कहकशांने ओढणी कानावरून घट्ट घेतली. पंखा मंदावेल की काय म्हणून वर बघायची तिची हिंमत होत नव्हती, आणि मल्लम्माक्का मधूनमधून वर बघतच होत्या, पाळण्यातल्या लेकरावर नजर ठेवावी तशा. त्यांनी अजहरची चौकशी केली, जिलानींची केली. मग स्वतःच बोलल्या. उड्डाण करून घरी आले की अण्णा त्यांना पंख्याखाली बसवायचे, बटण बंद करायचे आणि म्हणायचे, बघ, हे असं मंद करायचं पन थांबू द्यायचं न्हाई.

"आता पंखा बंद पडला की मला कसं वाटतंय सांगू?" मल्लम्माक्का म्हणाल्या. "तो हितंच खोलीत हाय आन् उठून चाललाय. पंखा थांबला की दारातून भायेर गेला. म्हनून मी थांबूच देत न्हाई."

कहकशांला हुंदका आला. ती म्हणाली, "अक्का, माझ्या घरात पंखेच नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. आकडे, शंभर, आणि त्यानंतरचा शब्द. रेडिओवर काही ऐकू आलं नाही हे खरं नव्हतं, तुम्हाला त्रास नको म्हणून तसं सांगितलं, हेही सांगितलं. मल्लम्माक्का ऐकत होत्या.  त्यांनी विचारलं, तो कसा म्हनला? तसाच म्हनून दाखव.

कहकशांने डोळे मिटले. दहा महिने कानात असलेला तो आवाज तिने पहिल्यांदाच तोंडातून काढला, तसाच, संथ, शेवटी किंचित लांबवून.

मल्लम्माक्का बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"चाकू न्हवं ते, पोरी," त्या म्हणाल्या. "साकु. आमच्यात साकु म्हंत्यात. पुरे."

कहकशांला समजलं नाही. मल्लम्माक्कांनी समजावलं. घरात अण्णा निम्मं कन्नडच बोलायचे. ताटात भाकरी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरून म्हणायचे, साकु. ह्याच आवाजात. पोट भरलं की.

म्हणजे अण्णांना जेवढं मंद करायचं होतं तेवढं झालं होतं. तेवढंच त्यांनी सांगितलं होतं, तिला. आकडे पुरे आता. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. अंगावर येणारं पातं नव्हतं, धार नव्हती. दहा महिने ती जो सुरा बघत होती, तो त्या सकाळी तिथं नव्हताच. ह्याने हलकं वाटायला हवं होतं. पण तिला वाटलं, माणूस तृप्त होऊन पुरे म्हणाला आणि लगेच खालून वावटळ उठली. हे त्याहून वाईट की बरं, ते तिला ठरवता येईना.

मल्लम्माक्कांनी तिला जेवूनच जा म्हटलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. दुसरी भाकरी वाढायला त्या वाकल्या तेव्हा कहकशांला पुरे म्हणायचं होतं. तिने नुसता हात आडवा धरला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मल्लम्माक्का भाकरी तशीच हातात धरून रडल्या. दफनाच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या.

ताटं उचलल्यावर त्या भिंतीपाशी गेल्या. बटणावर बोट ठेवून विचारलं, "बसशील का माझ्यासंगं?"

"बसते," कहकशां म्हणाली.

बटण खाली गेलं. पंखा लगेच थांबला नाही. आधी घरघर कमी झाली, मग पाती दिसू लागली, मग पात्यांवर दहा महिन्यांत साचलेली काळी धूळ. मल्लम्माक्कांनी तिचा हात घट्ट धरला होता. कहकशांचे ओठ हलू लागले, पण आकडा आला नाही. पाती रेंगाळत फिरली, जरा मागे आली आणि थांबली. बाहेर कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली. खोली इतकी शांत झाली की दोघींचे श्वास वेगवेगळे ऐकू येऊ लागले. आणि त्या दोन श्वासांच्या मागे आणखी एक असावा, असं कहकशांला क्षणभर वाटलं. तिने वळून पाहिलं नाही. मल्लम्माक्का मात्र दाराकडे बघत होत्या.

"गेला का, अक्का?"

"न्हाई," मल्लम्माक्का म्हणाल्या. "बसलाय."

परतताना एसटीतूनच तिने सोमेशला फोन केला. तो शब्द चाकू नव्हता, साकु होता, हे तिने त्याला समजावलं. मग त्याने सांगितलं, तुकड्यांबरोबर जी यंत्रातली नोंद मिळाली, तीत अण्णांच्या हाताने शेवटच्या क्षणी रोटरचा वेग वाढवायला घेतलेला दिसत होता. झोत जाणवल्यावर घाबरून त्यांनी ते केलं असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण आता कळत होतं, हात झोताच्या आधी, पुरे म्हणतानाच हलला होता. माणूस मंद करणं थांबवून परत फिरला होता, वावटळ नंतर आली. सोमेश म्हणाला, मी इतके महिने समजतोय की ते माझ्यासाठी अजून मंद करत राहिले.

जानेवारीत शेडचं कुलूप निघालं; आत दुसरा सांगाडा अर्धा तयार पडलाच होता. जिलानी चार दिवस लेकीशी बोलले नाहीत, मग स्वतःच राळेचा डबा उचलून आत आले. नवी पाती जास्त रुंद केली, टोकाचं लोखंड वाढवलं, आणि सोमेशने यंत्रातच असा अटकाव बसवला की ठरावीक फेऱ्यांखाली रोटर जाणारच नाही. आत माणूस बसवायचा नाही, जमिनीवरूनच चालवायचं, हे आधीच ठरलं होतं. मल्लम्माक्कांना बोलावणं केलं. त्या म्हणाल्या, मी न्हाई येत, तुम्ही उडवा, मला फोन करून सांगा.

पुन्हा तीच धावपट्टी, तोच लिंब. भोवती ह्या वर्षीही हरभरा होता. नवी भिंगरी रिकाम्या खुर्चीनिशी उठली, वळसा घेऊन सरळ झाली आणि रोटर मंद होऊ लागला. दोनशे, कहकशां म्हणाली. तिच्या डोक्यावर हेडफोन नव्हता आणि ऐकणारं कुणी नव्हतं. फेऱ्या सोमेशला समोरच दिसत होत्या. पण त्याने तिला थांबवलं नाही. एकशे ऐंशी. एकशे साठ. प्रत्येक आकड्यानंतर ती जरा थांबायची, पलीकडून कुणी हं म्हणेल एवढी जागा सोडून. शंभरावर ती बराच वेळ थांबली. पाती संथ, ताठ, एकामागून एक जात राहिली. पंखांनी सगळं वजन पेललं होतं. मग रोटर पुन्हा वेगात आला आणि भिंगरी धावपट्टीच्या मधोमध येऊन उभी उतरली.

सोमेश जमिनीवर बसून राहिला. जिलानी कुणाला दिसू नये म्हणून गाडीच्या पलीकडे जाऊन डोळे पुसत होते. कहकशांने उदगीरला फोन लावला, झालं म्हणून सांगितलं. मल्लम्माक्कांनी विचारलं, तुला काई ऐकू आलं का? ती नाही म्हणाली. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

रोटर पुरता थांबला तेव्हा तिने पर्समधून एक नाणं काढलं आणि पात्यापाशी गेली. आतून कुठं सुटलं असेल तर वरून दिसत नाही, नाण्याने ठोकून ऐकावं लागतं. चांगली जागा खणखणते, सुटलेली बद्द वाजते. मुळापासून टोकापर्यंत, बोटभर अंतराने, ती पात्याला कान लावून ठोकत गेली. सगळीकडे खणखणीत होतं. टोकाकडे पोचल्यावर, जुनं पातं जिथं मोडलं होतं त्या जागी, तिने एकदा ठोकलं, पुन्हा ठोकलं. सोमेश गाडीत सामान भरू लागला, ऊन चढलं, अजहरचा फोन येऊन वाजून गेला. आवाज खणखणीतच होता, तरी ती त्याच जागी ठोकत होती आणि दर वेळी तो विरेपर्यंत ऐकत होती, कुणी साकु म्हणेल म्हणून.